रिकाम्या खुर्चीचा खर्च

इटलीतल्या तुरिनमध्ये १९९०च्या फुटबॉल विश्वचषकासाठी 'डेल्ले आल्पी' नावाचं स्टेडियम बांधलं गेलं. सुमारे ६९,००० खुर्च्या, आणि पिच व प्रेक्षक यांच्यामध्ये धावपट्टी. युव्हेंटससारखा क्लब तिथे खेळायचा, तरी ते क्वचितच भरायचं. २००१-०२च्या हंगामात सांपदोरियाविरुद्धच्या इटालियन चषकाच्या सामन्याला तर फक्त २३७ माणसं होती. अखेर ते पाडलं गेलं आणि २०११मध्ये त्याच जागेवर जेमतेम ४१,००० खुर्च्यांचं नवं स्टेडियम उघडलं. धावपट्टी गेली, पहिली रांग पिचपासून साडेसात मीटरवर आली, २८,००० खुर्च्या कमी झाल्या, आणि सामन्याच्या दिवसाचं उत्पन्न पहिल्याच हंगामात दुपटीच्या वर गेलं.

व्यावसायिक फुटबॉल क्लबला स्वतःचं स्टेडियम परवडेल का, याचा अभ्यास करायला बसताना हे उदाहरण समोर असलेलं बरं. कारण चर्चा सुरू झाली की पहिला प्रश्न हमखास येतो तो "किती हजारांचं?" हा, आणि विचारणाऱ्याने उत्तरही मनात धरलेलं असतं. मग व्यवहार्यता अहवाल त्या आकड्यासाठी पुरावे गोळा करत बसतो. खरं तर खुर्च्यांचा आकडा अहवालाच्या शेवटी निघायला हवा. आधी माणसं, मग पैसा, मग जमीन, आणि या तिन्हींच्या चाळणीतून जे उरेल ती आसनसंख्या.

माणसं मोजायची म्हणजे गेल्या किमान पाच हंगामांतल्या घरच्या प्रत्येक सामन्याचा आकडा काढायचा. विकलेल्या तिकिटांचा नव्हे, गेटवर स्कॅन झालेल्या तिकिटांचा. सीझन तिकीट काढलेला माणूस आठवड्याच्या मधल्या पावसाळी रात्री घरीच बसतो. तो तिकिटाचे पैसे देऊन चुकलेला असतो, पण चहा, खाणं आणि पार्किंगचे देत नाही. फुकट वाटलेले पास बाजूला काढायचे, पाहुण्या संघाचे पाठीराखे बाजूला काढायचे. सरासरीवर भिस्त ठेवायची नाही, कारण दोन मोठे सामने अख्ख्या हंगामाची सरासरी फुगवतात. सगळे आकडे चढत्या क्रमाने लावून मधोमध येणारा पाहायचा, आणि सगळ्यात वाईट हंगामाचा आकडा वेगळा लिहून ठेवायचा. नंतर तोच सगळ्यात जास्त कामाला येतो.

नवं स्टेडियम उघडलं की गर्दी वाढते, हे खरं आहे. पण नव्याचे नऊ दिवस इथेही असतात. पहिल्या दोन-तीन हंगामांतली वाढ पंचवीस वर्षांच्या कर्जाच्या तक्त्यात सरळ पुढे ओढणं, ही या अहवालांमधली सगळ्यात नेहमीची लबाडी. दुसरी गोष्ट टंचाईची. तिकीट मिळणार नाही अशी भीती असते तोवरच माणूस सीझन तिकीट घेतो. सामन्याच्या दिवशी गेटवर निवांत तिकीट मिळणार हे कळलं की तो आगाऊ पैसे देणं बंद करतो, आणि क्लबच्या हाती हंगामाआधी येणारी रोकड आटते. म्हणून मोठ्या सामन्याला काही हजार माणसं परत जावीत आणि साध्या सामन्याला तीन चतुर्थांश खुर्च्या भराव्यात, हे माप मला योग्य वाटतं. मोठ्या सामन्याला एकही माणूस परत जात नसेल, तर स्टेडियम जास्त मोठं झालेलं आहे.

इंग्लंडमधल्या डार्लिंग्टनने याच्या नेमकं उलट केलं. चौथ्या श्रेणीत खेळणारा क्लब, गर्दी काही हजारांपलीकडे क्वचित जायची, आणि मालकाने २००३मध्ये उघडलं २५,००० खुर्च्यांचं स्टेडियम. आजूबाजूचे रस्ते तेवढी गर्दी पेलणारे नसल्याने परवानगीतच १०,००० प्रेक्षकांची मर्यादा घातलेली होती. म्हणजे पंधरा हजार खुर्च्या कागदावरच निकालात निघाल्या होत्या. त्याच वर्षाच्या डिसेंबरात क्लब दिवाळखोरीच्या कारवाईत गेला. २०१२मध्ये त्याला ते स्टेडियम सोडावं लागलं.

नियमांचा किमान आकडा बहुतेकांना वाटतो त्यापेक्षा बराच लहान आहे. युएफा, म्हणजे युरोपची फुटबॉल संघटना, तिच्या सर्वोच्च 'कॅटेगरी ४' स्टेडियमलाही किमान ८,०००च आसनं लागतात. विश्वचषकाच्या सामन्यांना ४०,००० आणि अंतिम सामन्याला ८०,००० लागतात, पण एका महिन्याच्या स्पर्धेसाठी तीस वर्षांचा संसार मांडायचा नसतो.

आता पैसा. चलन कुठलंही असो, हिशेब तिकिटांत केला की तो चटकन कळतो. समजा २०,००० आसनांचं स्टेडियम आहे आणि जमीन, बांधकाम, सल्लागार, परवाने, अनपेक्षित खर्च असं सगळं धरून एका आसनाचा खर्च १५० तिकिटांच्या किमतीएवढा पडतो. एकूण खर्च झाला ३० लाख तिकिटांचा. त्यातला ७० टक्के भाग कर्जाचा: २१ लाख तिकिटं. ८ टक्के व्याज आणि २५ वर्षं धरली तर वर्षाचा हप्ता साधारण १,९६,७०० तिकिटांचा होतो. वीस संघांच्या लीगमध्ये घरचे सामने १९. म्हणजे प्रत्येक सामन्याला सुमारे १०,३५० तिकिटांचे पैसे थेट बँकेत जातात. खेळाडूंचा पगार, वीज, सुरक्षा, गवत या सगळ्याच्या आधी. व्याज ६ टक्क्यांवर आलं तर हाच आकडा ८,६५० होतो. काम दोन वर्षं रखडलं, कर्ज पूर्ण उचललेलं आहे आणि व्याज मुद्दलात चढतंय असं धरलं, तर ८ टक्क्यांनी तो १२,०७५च्या पुढे जातो.

या हिशेबात एक खाच आहे आणि ती नेहमी झाकली जाते. समजा जुन्या मैदानावर १२,००० जागा होत्या आणि साध्या सामन्याला १०,००० माणसं यायची. नव्या ठिकाणी १४,००० येऊ लागली. पूर्वीची दहा हजार तिकिटं तर आधीच खेळाडूंच्या पगारात खर्च होत होती. मग १०,३५० तिकिटांचा हप्ता फेडायला नव्याने मिळाली ती फक्त चार हजार. स्टेडियम वीस हजार आसनांचं बांधायचं आणि फेड मात्र वाढीव चार हजारांनी करायची! उरलेली तूट बॉक्स (म्हणजे कंपन्यांना वर्षभरासाठी दिलेल्या खासगी खोल्या), जेवणासकटच्या महागड्या जागा, स्टेडियमच्या नावाचे हक्क आणि बिनसामन्याच्या दिवसांतून भरावी लागते. मोजक्या महागड्या जागा उत्पन्नाचा फार मोठा वाटा उचलतात हे खरं, पण त्या घेणारे उद्योग त्या शहरात आहेत का, हे त्यांच्याकडून लेखी इरादापत्रं घेऊनच ठरवावं. तोंडी "हो, घेऊ की" याला अहवालात जागा नसावी.

म्हणूनच जुन्या मैदानाचीच डागडुजी आणि वाढ, हा पर्याय प्रत्येक अहवालात प्रामाणिकपणे तपासलेला असावा. लिव्हरपूलने स्टॅन्ली पार्कमधल्या नव्या स्टेडियमचा बेत २०१२मध्ये सोडला आणि आपल्या जुन्या मैदानाचा, अॅनफिल्डचाच मुख्य स्टँड वाढवला. २०१६मध्ये सुमारे ८,५०० आसनं वाढली, नंतर आणखी एक स्टँड वाढवून क्षमता ६१,०००च्या वर गेली. खर्च झाला तो बहुतांश वाढीव खुर्च्यांवरच. आर्सेनलला हे जमलं नाही: त्यांच्या जुन्या मैदानाच्या, हायबरीच्या एका स्टँडला वारसा म्हणून संरक्षण होतं आणि भोवती घरं खेटून होती. ३८,००० वरून २००६मध्ये ते ६०,०००वर गेले, पण त्यांच्याकडे तिकिटांच्या प्रतीक्षायादीत हजारो माणसं उभी होती.

कर्जाव्यतिरिक्तचा पैसा बहुधा जुनी जागा विकून यायचा असतो. इथे 'बाजारात तुरी' ही म्हण तंतोतंत लागू पडते. स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया क्लबने 'नवं मेस्ताय्या' या स्टेडियमचं काम २००७मध्ये सुरू केलं. जुन्या मैदानाची जमीन विकून पैसे उभे राहणार होते. जमिनीचे भाव कोसळले, गिऱ्हाईक मिळेना, फेब्रुवारी २००९मध्ये काम थांबलं आणि काँक्रीटचा सांगाडा जवळपास सोळा वर्षं तसाच उभा राहिला. काम पुन्हा सुरू झालं ते २०२५च्या जानेवारीत. जमिनीची विक्री सही-शिक्क्यानिशी पक्की झाल्याशिवाय नव्या जागेवर पायाचा पहिला खांबही ठोकू नये. अहवालात ही ओळ घालायला फार धैर्य लागू नये, पण लागतं.

भाड्याने राहणंही वाटतं तितकं सोपं नाही. इंग्लंडमधल्या कोव्हेंट्री सिटी क्लबने आपलं जुनं मैदान विकलं आणि नव्या स्टेडियममध्ये भाडेकरू म्हणून गेला. भाडं वर्षाला सुमारे १३ लाख पौंड, खाण्यापिण्याचं आणि इतर उत्पन्न दुसऱ्याच्या हातात. क्लब खालच्या श्रेणीत घसरला तसं भाडं डोईजड झालं, वाद पेटला आणि संघाला २०१३मध्ये नॉर्थहॅम्प्टनला, २०१९मध्ये बर्मिंगहॅमला जाऊन 'घरचे' सामने खेळावे लागले. भागीदारीचंही तेच. म्युनिकचं आलियान्झ अरेना स्टेडियम २००५मध्ये बायर्न आणि १८६० म्युनिक या दोन क्लबांनी निम्मं-निम्मं मिळून उघडलं. वर्षभरातच १८६०ने आपला वाटा बायर्नला विकला. करार करताना तो आपण एक श्रेणी खाली गेलो आहोत असं समजून वाचायचा. भाडं श्रेणीनुसार खाली येतं का, बारचा गल्ला कोणाचा, छत गळलं तर दुरुस्ती कोणाची, तारीख देताना मैफलीला प्राधान्य की लीगच्या सामन्याला, हे चार मुद्दे पक्के असले की बाकीचं वकील बघून घेतात.

जमिनीचा प्रश्न साध्या मापांनी सुरू होतो. पिच १०५ बाय ६८ मीटर. कडेची मोकळी जागा, सराव-धावण्याची पट्टी, कॅमेरे, जाहिरातफलक धरून सुमारे १२५ बाय ८५. भोवती स्टँड आले की २०,००० आसनांचा वाडगा, म्हणजे पिचभोवतीचं स्टँडचं कडं, तीन-साडेतीन हेक्टर व्यापतो. पण खरी जमीन गाड्या खातात. ४० टक्के प्रेक्षक गाडीने आले आणि एका गाडीत सरासरी अडीच माणसं धरली, तर ३,२०० गाड्या. रस्त्यासकट गाडीमागे २५ चौरस मीटर म्हणजे ८ हेक्टर. स्टेडियमच्या दुपटीहून जास्त, आणि तेही महिन्यातून दोन-तीन दिवसांसाठी. त्यामुळे स्वस्त म्हणून शहराबाहेरची जागा घेणारा क्लब पार्किंग, रस्ते आणि वीज-पाण्याच्या जोडण्यांत ती बचत घालवून बसतो. रेल्वेचंही गणित मांडून पाहावं: दहा हजार माणसांना परत न्यायचंय, एका गाडीत हजार मावतात, दर पाच मिनिटांनी गाडी, तर शेवटचा माणूस निघायला पाऊण तासावर वेळ. फलाटाची रुंदी पुरत नसेल तर त्याहून जास्त. शेवटची शिट्टी वाजण्याआधी लोक उठून जात असतील, तर त्याचं कारण अनेकदा खेळ नसतोच.

जमिनीखाली काय आहे हे लवकर तपासावं. लिव्हरपूल शहरातल्या एव्हर्टन क्लबने स्टेडियमसाठी ब्रॅम्ली-मूर गोदी निवडली, तेव्हा आधी समुद्रतळातून काढलेली जवळपास पाच लाख घनमीटर वाळू ओतून गोदी भरावी लागली. त्याआधी किंग्ज डॉक, कर्कबी आणि वॉल्टन हॉल पार्क असे तीन बेत बारगळले होते. भरावाची जमीन, जुन्या कारखान्याचं दूषित माळरान, उंच भूजल यातलं काहीही निघालं की पायाचा खर्च अंदाजाबाहेर जातो. जमिनीचा करार होण्याआधी बोअरहोल, म्हणजे जमीन तपासायला खोल भोकं, घ्यायला पैसे लागतात म्हणून ते टाळलं जातं, ही मला निव्वळ वेडगळ काटकसर वाटते.

आता वाडग्याचा आकार. इथे थोडं रेंगाळायला हवं, कारण एकदा काँक्रीट ओतलं की हा भाग बदलत नाही. पुढच्या माणसाच्या डोक्यावरून मागच्याची नजर किती उंचीने जाते, त्याला सी-मूल्य म्हणतात. ९० मिलिमीटर चांगलं, ६० चालवून घेण्यासारखं. एखाद्या रांगेतला डोळा जवळच्या बाजूरेषेपासून १२ मीटर लांब आणि ४ मीटर उंच आहे, आणि रांगेची खोली ८०० मिलिमीटर आहे असं धरा. ९०चं सी-मूल्य हवं तर पायरी ३६३ मिलिमीटर उंच लागते, ६० चालणार असेल तर ३३१. फरक जेमतेम दोन बोटांच्या जाडीचा. पण तीस रांगांमध्ये तो मीटरभराच्या वर जातो, आणि तेवढं पोलाद, तेवढ्या पायऱ्या, तेवढं छत वर सरकतं. खर्च कमी करताना कात्री पहिल्यांदा इथेच लागते. पुढे जाहिरातफलक थोडे उंच लागले की पहिल्या काही रांगांना बाजूरेषाच दिसत नाही, आणि मग त्या जागा आयुष्यभर सवलतीत विकाव्या लागतात.

धावपट्टी ठेवण्याचा आग्रह सरकारी पैसा आला की येतोच. आठ पट्ट्यांचा ४०० मीटरचा ट्रॅक बाहेरून सुमारे १७७ बाय ९२ मीटर भरतो. म्हणजे गोलामागचा पहिला प्रेक्षक गोलरेषेपासून किमान ३६ मीटर दूर. हे नंतर सुधारता येतं, पण सुरुवातीपासून ठरवलं असेल तरच. मँचेस्टरच्या २००२च्या राष्ट्रकुल स्टेडियममध्ये स्पर्धा संपल्यावर ट्रॅक काढून जमीन खोल खणली, खाली आणखी रांगा बांधल्या, आणि पुढच्याच वर्षी मँचेस्टर सिटी तिथे खेळायला आला. हे सगळं आराखड्यातच होतं. लंडनच्या २०१२च्या ऑलिंपिक स्टेडियममध्ये मात्र फुटबॉलचा विचार मागाहून झाला. ट्रॅकवर सरकवायच्या खुर्च्यांचा स्टँड ये-जा करायला दरवर्षी मोठा खर्च येतो, छत बदलावं लागलं, आणि तिथे खेळणाऱ्या वेस्ट हॅम क्लबच्या पाठीराख्यांची 'पिच फार लांब आहे' ही तक्रार काही मिटली नाही.

माणसं आत घेणं आणि बाहेर काढणं हा शुद्ध भागाकार आहे. ब्रिटनच्या सुरक्षा मार्गदर्शिकेप्रमाणे एका टर्नस्टाइलमधून (एका वेळी एकालाच आत सोडणाऱ्या फिरत्या फाटकातून) तासाला जास्तीत जास्त ६६० माणसं धरायची. तासाभरात २०,००० आत घ्यायचे तर ३१ टर्नस्टाइल. बाहेर पडताना सपाट वाटेवर एका मीटर रुंदीतून मिनिटाला ८२ आणि जिन्यावर ६६ माणसं. वेळ जास्तीत जास्त आठ मिनिटं. सगळे जिन्याने उतरणार असतील तर एकूण ३८ मीटर रुंदीचे जिने हवेत. ही संख्या कोरडी वाटत असेल तर इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या हिल्सबरो स्टेडियममधली १९८९ची चेंगराचेंगरी आठवावी. लेपिंग्ज लेन या रस्त्याच्या बाजूने उभं राहून पाहणाऱ्या १०,१०० तिकीटधारकांसाठी सात टर्नस्टाइल होते. ताशी ६६०च्या हिशेबाने त्यांना आत घ्यायला दोन तासांहून जास्त वेळ लागला असता. बाहेर दाटी झाली, ती कमी करायला मोठं गेट उघडलं गेलं, आणि गर्दी आधीच भरलेल्या पिंजऱ्यांत शिरली. ९७ माणसं गेली. नेमके किती दरवाजे लागतील हा आराखड्याच्या पहिल्या आठवड्यातला प्रश्न आहे. भिंती उभ्या राहिल्यावर त्याला उत्तर नसतं.

गवताचा खर्च अहवालात एका ओळीत उरकला जातो, आणि नंतर तोच छळतो. पिच आणि कडा मिळून ८,००० चौरस मीटर, त्यावर ३० सेंटीमीटर वाळूप्रधान थर म्हणजे २,४०० घनमीटर चाळून निवडलेली वाळू. खाली खडी, त्याखाली निचऱ्याच्या नळ्या. हायब्रिड, म्हणजे नैसर्गिक गवतात कृत्रिम धागे मिसळलेलं पिच हवं असेल तर दर दोन सेंटीमीटरवर कृत्रिम धागा सुमारे १८ सेंटीमीटर खोल शिवतात, असे जवळपास दोन कोटी धागे. एवढं करूनही ऊन आणि वारा नसेल तर गवत मरतं. अॅमस्टरडॅमचं १९९६चं सरकत्या छताचं अरेना स्टेडियम सुरुवातीच्या वर्षांत पुन्हा पुन्हा पिच बदलत राहिलं, ते सावली आणि कोंदट हवेमुळे. उत्तर गोलार्धात दक्षिणेकडच्या स्टँडचं छत अर्धपारदर्शक किंवा ठेंगणं ठेवणं, कोपरे वाऱ्यासाठी उघडे ठेवणं, हे आराखड्यात फुकट मिळतं. नंतर त्याची भरपाई दिव्यांच्या गाड्या गवतावर फिरवून करावी लागते आणि त्यांचं वीजबिल दर हिवाळ्यात येतं. बिनसामन्याच्या उत्पन्नाच्या तक्त्यात मैफली मांडताना प्रत्येक मैफलीसमोर पिच झाकण्याचा आणि दुरुस्तीचा खर्च मांडलेला असावा. मला तर मैफलींपेक्षा स्टँडखाली कायमचे भाडेकरू ठेवणं बरं वाटतं, दवाखाना, कार्यालयं, व्यायामशाळा काहीही. ते वर्षाचे बारा महिने भाडं देतात आणि गवतावर पाय ठेवत नाहीत.

उघडण्याची तारीख हंगामाच्या पहिल्या सामन्याला चिकटवू नये. लंडनच्या टॉटेनहॅम क्लबचं स्टेडियम बांधकाम म्हणून जवळपास तयार होतं, पण सुरक्षा यंत्रणांमधल्या दोषांमुळे २०१८चा मुहूर्त टळला आणि एप्रिल २०१९ उजाडला. तोवर तात्पुरत्या घेतलेल्या वेम्बली स्टेडियमचं भाडं चालूच. आगीची सूचना, आणीबाणीचे दिवे, ध्वनिक्षेपण, दरवाज्यांचं नियंत्रण या यंत्रणा वेगवेगळे ठेकेदार बसवतात आणि त्या एकमेकींशी बोलतात की नाही हे अगदी शेवटी कळतं. वेळापत्रकात कमी गर्दीचे निदान दोन चाचणी-सामने, आणि त्यांत सापडलेले दोष दुरुस्त करायला मधे वेळ, एवढं हवंच.

क्षमतेवर एकमत होत नसेल, तर टप्प्यांचा आराखडा बरा. आज १२,००० बांधायचे, उद्या २०,००० करता येतील अशी सोय ठेवायची. मात्र 'सोय ठेवली आहे' म्हणजे काय ते कागदावर यावं: वरच्या मजल्याचा भार पेलणारा पाया आजच, मागे क्रेन उभी राहील एवढी मोकळी जमीन आजच, वीज आणि सांडपाण्याच्या मोठ्या नळ्या आजच, आणि जिन्यांची रुंदी उद्याच्या गर्दीच्या मापाने आजच. छत हा या बेतातला सापळा. खालच्या स्टँडवर आज कायमचं छत घातलं तर वरचा मजला चढवताना ते आधी उतरवावं लागतं, आणि त्या हंगामात तो स्टँड बंद राहतो. म्हणून जो स्टँड पुढे वाढवायचा आहे, त्यावर उतरवून दुसरीकडे बसवता येईल असं नटबोल्टचं हलकं छत घालावं, किंवा तो उघडाच ठेवून तिथली तिकिटं स्वस्त लावावीत.